ऑरेंज अलर्ट, क्युसेक, टीएमसी : पावसाच्या बातम्यांतले आकडे घरच्या निर्णयासाठी कसे वाचायचे?

मुठाकाठ

जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज तेच शब्द कानावर पडतात, पण त्यांवरून घरात काय ठरवायचं ते कळत नाही. ‘पुण्याला रेड अलर्ट’ असतो त्या दिवशी कोथरूडला ऊन पडतं. कधी नुसता यलो असतो आणि तासाभरात रस्त्याचा ओढा होतो. मग लोक ‘हवामान खातं नेहमीच चुकतं’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही; आपल्यालाच वाचता येत नसणार.

माझे प्रश्न असे. अलर्टचा रंग नेमका कशाचा असतो? ‘खडकवासल्यातून अमुक हजार क्युसेक विसर्ग’ हे ऐकून नदीकाठच्या सोसायटीने गाड्या कधी हलवायच्या? धरण पूर्ण भरलेलं नसतानाही पाणी का सोडतात? आणि ‘उजनी उणे वीस टक्के’ हा काय प्रकार आहे? पाणी उणे कसं असेल? माहीतगारांनी आकड्यांसकट सांगावं. मतं नकोत.

पर्जन्यमापक

रंगापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे.

रंग पावसाच्या मिलिमीटरवर थेट ठरत नाही. घटना घडण्याची शक्यता किती आणि घडली तर परिणाम किती, या दोन्हींचा मेळ घालून तो दिला जातो. हिरवा म्हणजे काही करायला नको, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. आपल्याकडे साधारणपणे मुसळधारच्या शक्यतेला पिवळा, अति मुसळधारला नारिंगी आणि त्याच्याही वर लाल, असं दिसतं.

या शब्दांना ठरलेले आकडे आहेत, आणि सगळे २४ तासांचे. ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार. ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार. २०४.५ आणि त्याच्या वर अत्यंत मुसळधार. १५.६ ते ६४.४ हा नुसता मध्यम पाऊस. म्हणजे ६० मिमी पडून घरासमोर तळं झालं तरी खात्याच्या लेखी तो मध्यमच.

आता कोथरूडच्या उन्हाकडे येतो. इशारा जिल्ह्याला असतो, आणि पुणे जिल्हा ताम्हिणीपासून इंदापूरपर्यंत पसरलेला आहे. म्हणूनच आता पुणे, सातारा, कोल्हापूर आणि नाशिकच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिला जातो. वाहिन्यांवर खालची पट्टी लिहिताना ‘पुणे घाट’मधला ‘घाट’ गळतो आणि ‘पुण्याला रेड अलर्ट’ उरतो. मूळ तक्त्यात दोन्ही ओळी वेगळ्या असतात, तिथेच पाहा.

दुसरा गळणारा शब्द म्हणजे ‘तुरळक ठिकाणी’. तो भाषेचा अलंकार नव्हे, मोजमाप आहे. त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक ठिकाणी, २६ ते ५० टक्के असेल तर काही ठिकाणी, ५१ ते ७५ टक्के असेल तर बऱ्याच ठिकाणी, आणि त्याच्या वर बहुतांश ठिकाणी. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असा इशारा असताना चारपैकी तीन केंद्रं कोरडी राहिली तरी अंदाज बरोबरच ठरतो.

तारखेचाही घोळ होतो. २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. २५ तारखेला नोंदलेला पाऊस बराचसा २४ च्या दुपारी आणि रात्री पडलेला असतो. संध्याकाळच्या बातमीतला आकडा मात्र सकाळी साडेआठपासून साडेपाचपर्यंतच्या नऊ तासांचा. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘कालपेक्षा आज कमी’ असं म्हणता येत नाही.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं : रस्ता बुडतो तो पावसाच्या वेगामुळे, बेरजेमुळे नाही. दिवसभरात रिपरिप पडलेले १०० मिमी गटारं पचवतात. एका तासात पडलेले ४० मिमी पचवत नाहीत. मे महिन्यातला वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस गडगडाटी ढगांचा असतो, तासाभरात ओतून जातो. त्या महिन्यांत नुसता यलो असला तरी दुपारनंतर सावध राहावं.

घरून निघायचं की नाही हे ठरवायला पाच दिवसांचा अंदाज कामाचा नाही. त्यासाठी ‘नाऊकास्ट’ असतो, पुढच्या तीन तासांपुरता. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप आहे; आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळांत वीज कुठे पडते आहे ते दाखवतं. ॲप नसेल तर वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

घाटवाट

ढगफुटीबद्दलही लिहा कोणीतरी. परवा तासाभरात ५० मिमी पडला तर तीन ठिकाणी ‘ढगफुटी’ छापून आलं.

पर्जन्यमापक

साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या टापूत एका तासात १०० मिमी किंवा जास्त पाऊस, ही ढगफुटीची व्याख्या. ५० मिमी हा भयंकर पाऊस आहेच, पण ढगफुटी नाही. हा शब्द जपूनच वापरावा, कारण ‘ढगफुटी झाली’ म्हटलं की ओढ्यावर बांधलेली भिंत आणि बुजवलेला नाला यांचा हिशोब कोणी मागत नाही.

पाटकरी

धरणांचं मी सांगतो.

दोन एककं वेगळी ठेवा. टीएमसी हा साठा आहे, क्युसेक हा वेग आहे. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, साधारण २,८३२ कोटी लिटर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. दोघांना जोडणारा आकडा ११,५७४. तेवढ्या क्युसेकने चोवीस तास पाणी वाहिलं की एक टीएमसी होतं. हा एक आकडा पाठ असला की धरणाची निम्मी बातमी उलगडते.

३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभरेक टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे होतात असं समजा.

आता ‘भरलं नसताना का सोडतात’. खडकवासल्याची क्षमता १.९७ टीएमसी, म्हणजे अगदी लहान. वरची तीन मोठी : वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१. चारही मिळून २९.१५. घाटात जोर धरला आणि खडकवासल्यात ३५ हजार क्युसेकचा येवा, म्हणजे वरून येणारं पाणी, सुरू झाला, तर पूर्ण रिकामं धरणसुद्धा सोळा तासांच्या आत काठोकाठ भरेल. आणि पावसाळ्यात ते रिकामं नसतं. दहाच टक्के जागा उरली असेल तर हाताशी दीड तास. म्हणून येवा वाढताना दिसला की आधीपासून सोडत राहावं लागतं. कोणत्या तारखेला धरणात किती पाणी ठेवायचं याचं वेळापत्रक प्रत्येक मोठ्या धरणाला ठरवून दिलेलं असतं. जुलैमध्येच शंभर टक्के भरून ठेवलं तर ऑगस्टच्या पुराला जागा उरत नाही. उलट सप्टेंबरमध्ये पावसाच्या भरवशावर धरण मोकळं ठेवलं तर उन्हाळ्यात शहर आणि कालवा दोन्ही मरतात. पाटबंधारे खात्याची तारेवरची कसरत असते ती हीच.

यातून एक उपयोगी खूण निघते. वरची तीन धरणं अर्धी असतील तर तिथला पाऊस तिथेच अडतो आणि खडकवासल्यात फक्त मधल्या मोकळ्या पाणलोटाचं पाणी येतं. चारही भरली की घाटात पडलेलं जवळपास सगळंच पाणी खडकवासल्यात आणि तिथून मुठेत. म्हणजे तोच पाऊस जुलैच्या सुरुवातीला निमूट जिरतो आणि ऑगस्टअखेर पूर आणतो. बातमी वाचताना फक्त खडकवासल्याची टक्केवारी पाहू नका, चौघांची पाहा. पण वरच्या तिघांत जागा आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. २५ जुलै २०२४ ला शिवाजीनगरच्या वेधशाळेत ११४ मिमी आणि ताम्हिणीत पाचशेच्या वर पाऊस नोंदला गेला. खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजारांच्या वर गेला आणि सिंहगड रस्त्याची एकतानगरी पाण्यात गेली.

धरणाचा विसर्ग म्हणजे नदीचा पूर नव्हे, हेही ध्यानात ठेवा. धरणाच्या खाली शहरात पडणारा पाऊस त्या आकड्यात नसतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला जो पूर आला तो शहरातल्या आणि कात्रजच्या डोंगरावरच्या पावसाचा होता. तसंच औंध-बोपोडीच्या लोकांनी खडकवासला पाहून उपयोग नाही. त्यांनी मुळशी आणि पवनेचा विसर्ग पाहायचा. संगमाच्या खाली राहणाऱ्यांनी तिन्हींची बेरीज करायची.

आता उजनी. बातमीतली टक्केवारी ‘उपयुक्त साठ्या’ची असते. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला उपयुक्त ५३.५७ आणि मृत ६३.६६. मृतसाठा म्हणजे कालव्याच्या विमोचकाच्या (कालव्यात पाणी सोडायच्या दाराच्या) तळाखालचं पाणी. ते कालव्यातून आपोआप बाहेर येत नाही, पण नदीत सोडता येतं किंवा पंपाने उपसता येतं. उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागला की टक्केवारी उणे लिहितात. उणे वीस म्हणजे ५३.५७ च्या वीस टक्के, साधारण १०.७ टीएमसी मृतसाठ्यातून गेलं. तरी धरणात ५३ टीएमसीच्या आसपास पाणी असतं. गाळाने त्यातला काही भाग खाल्लेला असतो, म्हणून कागदावरच्या आकड्यापेक्षा प्रत्यक्षात कमीच धरा.

जायकवाडीचंही तसंच : एकूण १०२.७३, उपयुक्त ७६.६५. ‘शून्य टक्के’ छापून येतं तेव्हा सुमारे २६ टीएमसी खाली असतं, आणि त्यावरच शहरं आणि गावं तगतात.

आणि टक्क्यांची तुलना करूच नका. कोयनेचा एक टक्का म्हणजे एक टीएमसीहून थोडा जास्त, कारण तिथे १०५.२५ टीएमसी मावतं. खडकवासल्याचा एक टक्का म्हणजे ०.०२.

पंचगंगा_तीर

वरचं सगळं बरोबर आहे, फक्त कोल्हापूर-सांगलीकडे आम्ही क्युसेकपेक्षा फूट बघतो, आणि ते जास्त भरवशाचं आहे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. कृष्णेची सांगलीच्या आयर्विन पुलावर ४० आणि ४५. धरणातून किती सोडलं, वाटेत ओढ्यांनी किती भर घातली, पुढे पाणी तुंबलंय का, या सगळ्याची बेरीज त्या एका पट्टीवर दिसते.

मात्र नुसती पातळी बघू नका, चढ बघा. तीन-तीन तासांच्या दोन नोंदी घ्या आणि वजाबाकी करा. पातळी ३८ फूट असून तासाला इंचाने चढत असेल तर इशारा पातळीला बारा तास आहेत. तासाला तीन इंच चढत असेल तर चारच तास. आपल्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागतं तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट असतात हा आकडा गल्लीतल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. नवीन भाडेकरूंनी तो आधी विचारून घ्यावा.

राधानगरीचं एक सांगायला हवं. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबाने आपले आपण उघडतात, पातळी उतरली की मिटतात. एकेका दरवाजातून १,४२८ क्युसेक. ‘दरवाजे कोणी उघडले’ असा राग दरवर्षी निघतो, पण ते कोणी उघडलेले नसतात. त्यामुळे राधानगरी ९५ टक्क्यांच्या पुढे गेली आणि दाजीपूरकडे पाऊस आहे असं दिसलं की दरवाजांच्या बातमीची वाट बघायची नाही, जनावरं हलवायची.

कुर्ला_पश्चिम

मुंबईपुरतं थोडं. इथे तिसरा आकडा लागतो, भरतीचा. साडेचार मीटरच्या वरची भरती म्हणजे मोठी भरती. समुद्राची पातळी नाल्याच्या मुखापेक्षा वर गेली की पाणी बाहेर जायचं थांबतं, उलट आत येऊ बघतं, म्हणून मुखांवरचे दरवाजे बंद करून पंपांनी पाणी फेकावं लागतं. शहरातली जुनी पर्जन्यवाहिनी तासाला २५ मिमी पावसाच्या हिशोबाने बांधलेली, नव्या कामांचं लक्ष्य ५० मिमी. त्यामुळे भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास जोराचा पाऊस आला तर सखल भाग भरणारच. तोच पाऊस ओहोटीला आला तर तासाभरात ओसरतो.

दिवसात दोन भरत्या येतात, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने, आणि रोज पाऊणएक तास उशिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे. महापालिका पावसाळ्याच्या आधीच मोठ्या भरत्यांच्या तारखा आणि वेळा जाहीर करते. तो कागद फ्रिजवर लावून ठेवण्यासारखा आहे.

आणि ‘मुंबईत इतका पाऊस’ असं वाचलं की कुलाबा की सांताक्रूझ ते विचारा. २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी नोंदला गेला, कुलाब्याला ७३. शहर एक, दिवस एक.

कोरडवाहू

शेतकऱ्यांसाठी दोन ओळी, कारण शहरातल्या बातमीचा फटका आम्हाला बसतो. ‘मान्सून दाखल’ हे पेरणीचं निमंत्रण नाही. २०२५ मध्ये मान्सून २४ मे ला केरळात आणि २६ मे ला मुंबईत आला, नेहमीच्या तारखा १ आणि ११ जून. आनंदाची बातमी होती, पण पुढे खंड पडला तर दुबार पेरणीचं बियाणं कोण देणार? ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमिनीत वीतभर ओल गेल्याशिवाय पेरू नये, हा कृषी विभागाचा सल्ला अगदी रास्त आहे. खुरप्याने उकरून बघा. वरचा थर ओला आणि चार बोटं खाली फुफाटा असेल तर थांबा.

‘सरासरीच्या इतके टक्के’ हा देशाचा आकडा असतो, जून ते सप्टेंबरचा, ८७ सेंटिमीटरच्या सरासरीवर काढलेला. त्यावरून माझ्या शिवाराचं काहीच कळत नाही. चार दिवसांत महिन्याचा पाऊस पडून बाकी सव्वीस दिवस कोरडे गेले तरी सरासरी शंभर टक्केच दिसते, पीक मात्र आधी सडतं आणि मग वाळतं.

नुकसान झालं तर शब्दाचा अर्थ पुन्हा बदलतो. महसूल खात्याच्या लेखी अतिवृष्टी म्हणजे मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस. हवामान खात्याचा ‘अत्यंत मुसळधार’ तो नव्हे. आपलं गाव कोणत्या महसूल मंडळात येतं आणि तिथलं केंद्र कुठे आहे हे माहीत असू द्या. राज्यात ‘महावेध’ या हवामान नोंदीच्या प्रकल्पाची दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं आहेत, तरी केंद्रावर ४० आणि दहा किलोमीटरवर आपल्या बांधावर ९० असं होतंच. तेव्हा शेतात पाणी उभं असतानाचे फोटो त्याच दिवशी काढा, ठिकाण आणि वेळ दिसेल असे, आणि तलाठ्याला लेखी कळवा. मदतीसाठी ३३ टक्के किंवा जास्त नुकसान पंचनाम्यात यावं लागतं.

मुठाकाठ

फार उपयोगाचं मिळालं, सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी उरल्या. आमच्यासारख्या सोसायटीने क्युसेकचा कोणता आकडा धरायचा? आणि घरी पाऊस मोजता येतो का?

पाटकरी

एकच आकडा सगळ्यांना देता येणार नाही, तो तुमच्या जोत्याच्या उंचीवर आहे. बांधकाम आराखड्यावर पूररेषा पाहा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. इमारत निळीच्या आत असेल तर दर पावसाळ्यात तयारी हवीच. मग मागच्या पुरांच्या तारखा आणि त्या वेळचा विसर्ग मांडा, पाणी फाटकाशी आलं तो आकडा काढा, आणि त्याच्या निम्म्यावर गाड्या हलवायला सुरुवात करा. निम्म्यावर अशासाठी की विसर्ग रात्रीत दुप्पट होऊ शकतो, आणि धरण ते डेक्कन अंतर पंधरा-सोळा किलोमीटरच आहे.

पाणी बहुतेकदा फाटकातून आधी येतच नाही, ड्रेनेजच्या चेंबरमधून उलटं येतं. बाहेर जाणाऱ्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि मे महिन्यात तो उघडून साफ करा. कचरा अडकून झडप अर्धी उघडी राहिली तर असून नसल्यासारखा. तळमजल्याच्या न्हाणीघरांत जाळीवर वाळूची पिशवी ठेवा. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा, नाहीतर खड्ड्यात पाणी शिरून मोटारीच्या आधी वायरिंग जातं. मीटर रूममध्ये पाणी पोचायच्या आत मेन स्विच पाडा, पोचल्यावर त्या खोलीत पाऊल टाकू नका. जमिनीखालच्या टाकीचं झाकण घट्ट बसत नसेल तर पूर ओसरल्यावर ते पाणी पिऊ नका. टाकी उपसून, घासून, क्लोरिनने धुऊनच वापरा. आणि बुडालेली गाडी चालू होते का ते बघू नका. इंजिनात गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार काढा आणि गाडी ओढून न्या.

पर्जन्यमापक

मोजता येतो, आणि जरूर मोजा. सरळ भिंतीची बरणी घ्या, तोंड आणि तळ एकाच मापाचे. सपाट तळ असेल तर आत उभी फूटपट्टी लावली की झालं. जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस, बरणीची रुंदी कितीही असो. तळ आत दबलेला असेल तर भिंत सरळ होते तिथपर्यंत आधी पाणी भरा आणि तिथे शून्य धरा. कमी पावसाला अचूकपणा हवा असेल तर बाटलीवर नरसाळं बसवा आणि जमा झालेलं पाणी औषधाच्या मापाने मोजा. नरसाळ्याचं तोंड १० सेंटिमीटर व्यासाचं असेल तर ७.८५ मिलिलिटर म्हणजे १ मिमी. २० सेंटिमीटरचं असेल तर ३१.४.

चूक होते ती जागेत. गॅलरीत, भिंतीलगत किंवा झाडाखाली ठेवलं तर आकडा खोटाच येणार. जवळच्या भिंतीची किंवा झाडाची जितकी उंची, त्याच्या दुप्पट अंतरावर ठेवा. तोंड जमिनीपासून फूटभर वर असू द्या, म्हणजे आजूबाजूचे शिंतोडे आत उडणार नाहीत. गच्चीवर वारा पाणी उडवून नेतो, तिथे नेहमी कमीच भरतं. रोज सकाळी साडेआठला वाचा आणि ओता, म्हणजे तुमचा आकडा शिवाजीनगरच्या आकड्याशेजारी मांडता येईल. गच्चीवरचं पाणी साठवायचं असेल तर हिशोब सोपा आहे : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर २० मिमी पडला की दोन हजार लिटर. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी सोडून द्या, पुढचं बोअरवेलकडे वळवा.